आंब्याचे शेंडे आणि राजाची मिशी

"माझ्या बागेतल्या आंब्याच्या कोवळ्या झाडांना जो कोणी हत्यार लावील, त्याची भर दरबारात मिशी उतरवू!" सोनगिरीच्या मकरंदराजाने दवंडी पिटवली आणि रावबा माळ्याची झोप उडाली. कारण त्याच दिवशी त्याला दुसरंही फर्मान मिळालं होतं. काठीसारखी सरळ वाढलेली ती झाडं पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत छत्रीसारखी घेरदार व्हायला हवीत. नाही झाली, तर बागेतली खोपी सोडायची.

"शेंडा मारल्याशिवाय आंब्याला फांद्या फुटत नाहीत," रावबा लेकीला म्हणाला. "मारला तर मिशी जाते, नाही मारला तर घर."

"तुम्ही शेणखत घाला, पाणी द्या, वाळवी बघा," गिरजा भाकरी थापत म्हणाली. "शेंड्यांचं मी बघते."

अक्षय्य तृतीयेला गिरजा देवघरासाठी फुलं घेऊन राजवाड्यात गेली. दारावर बाजारातून आणलेलं, निम्मं सुकलेलं आंब्याचं तोरण होतं. ते पाहून तिने राजाला ऐकू जाईल असा उसासा सोडला. राजाने कारण विचारलं. ज्याच्या दारी आंब्यांची बाग, त्याच्या दाराला विकतची पानं, म्हणून बाजारात बायका हसत होत्या, असं तिने सांगून टाकलं.

राजा ताठला. "आपल्या बागेतली आण."

"कशी आणू, महाराज? आमच्या आबांना मिशी आहे."

"मग मीच तोडतो!"

राजा कट्यार घेऊन बागेत गेला. खालची जून पानं राजदाराला शोभत नाहीत, म्हणून गिरजाने शेंड्याचाच टहाळा दाखवला. जिथून कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप घ्यायला सांगितलं, म्हणजे पाणी साचणार नाही. कलशाच्या पानांसाठी तिने आत वळलेली फांदी दाखवली. राजाला त्यात गोडी लागली. मग पोळा, गणपती, दसरा. दर सणाला वेगळ्या झाडाची पाळी. दिवाळीला तर तो गिरजाला न विचारता नेमक्या जागी कट्यार टेकवू लागला.

गुढीपाडव्याला झाडं अशी घेरदार झाली की सावलीत पाट मांडावा. राजा खूश झाला, पण वाकून बघताना त्याला जुने काप दिसले. आपण तोरणासाठी तोडलेले टहाळे म्हणजेच छाटणी, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने तडक दरबार भरवला, न्हाव्याला बोलावलं आणि छाटणी कोणी केली ते विचारलं. रावबाचा हात आपसूक मिशीकडे गेला.

गिरजा पुढे झाली. "छाटणारा इथेच आहे, महाराज. साऱ्या दरबाराने त्याला दर सणाला कट्यार घेऊन बागेत जाताना पाहिलंय."

सगळे सरदार एकदम आपापले जोडे न्याहाळू लागले. राजाची नजर दारावरच्या तोरणावर गेली, मग कमरेच्या कट्यारीवर. न्हाव्याने वस्तरा पाठीमागे लपवला.

"जो कोणी, असं मीच म्हणालो होतो," राजा मिशी चाचपत पुटपुटला. "आता गं?"

"घाबरता कशाला, महाराज? शेंडा मारल्यावर आंबा दाटच झाला ना? मिशीही होईल!"

राजा इतका हसला की मुकुट सावरावा लागला. "ये रे," तो न्हाव्याला म्हणाला, "पण शेंडेच मार. तिरके!"

मिशीची दोन टोकं उतरली, दवंडी मागे घेतली गेली. बागेतली जागा रावबाच्या नावे झाली, तिथे पक्कं घर उठलं, आणि राजाची कट्यार छाटणीसाठी गिरजाकडे आली.