निर्माल्य कोणाचं?

दुसऱ्याच्या ताटात डोकावणारे लोक स्वतःच्या मोरीत कधी डोकावत नाहीत.

हेमांगी तांडेल पेणला भास्कररावांच्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होती. एके सकाळी तिच्या न्हाणीत घाण पाणी उलटं वर आलं. घरमालक भास्करराव नाक दाबून वरच्या मजल्यावरून उतरले.

"मोरीत मासळीचे काटे टाकता! पाइपातून तुमचा कचरा निघाला, तर खोली खाली करायची."

"आणि तुमचा निघाला तर?" हेमांगीने विचारलं.

"आमच्याकडे सोवळं असतं, बाई!"

सदू प्लंबरने दोन्ही मजल्यांच्या सामाईक पाइपात तार फिरवली आणि ओढली. काटा एकही नाही. निघाला तो जास्वंदी, दुर्वा आणि वातींचा काळा, लिबलिबीत लगदा. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून भास्करराव ते रोज वरच्या न्हाणीत सोडत. कुजलं की तेही वास मारतं, हे सोवळ्याला कोण सांगणार?

"हे आमचं नव्हेच," भास्करराव म्हणाले. "तुम्हीच टाकलं असणार."

"आमचं का? मग प्रश्नच मिटला," हेमांगी शांतपणे म्हणाली. "सदूभाऊ, द्या इकडे. कोळंबीची सालं ठेवलेल्या बादलीत टाकते."

"अहो, खबरदार! देवाची फुलं आहेत ती, माझ्या पूजेतली!" भास्कररावांनी झडप घालून लगदा ओंजळीत घेतला. काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"म्हणजे खोली मी खाली करायची नाही ना?" हेमांगीने विचारलं.

भास्करराव ओंजळ सांभाळत जिन्याकडे वळले.

"ओंजळ जरा मोठी करा, काका," सदू म्हणाला. "नारळाची शेंडी अजून आतच आहे."