पापडाच्या डब्याचं झाकण

डबे बोलत असत त्या काळची गोष्ट. पापडाचा रिकामा, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा कुणीतरी पेटत्या चुलीला खेटून विसरलं. थोड्याच वेळात त्याला आतून कुणीतरी ढकलू लागलं.

"कोण आहे आत?" तो दचकला.

"मी, हवा. तापलेय रे! जागा पुरत नाही. झाकण सैल कर."

"अगं बाई, माझ्यात पापड कधी सादळले नाहीत. झाकण ढिलं केलं तर फळीवरच्या डब्यांना तोंड कसं दाखवू?"

जाळ वाढला. पत्रा कुरकुरला, तळ फुगून आला.

"थांब ना गं!" डबा रडवेला झाला.

"थांबू कशी? मला बाहेर सोड, नाहीतर तू फाटशील!"

शेवटी डब्याने झाकणावरची पकड सोडली. झाकण फटकन उडून निखाऱ्यांत पडलं आणि काळं झालं. डब्यात उरलेली हवा अजून तापलेलीच होती, पण आता ती ढकलत नव्हती.