दरोगासाहेबांचा प्रसाद

राजाच्या पागेत हरभऱ्याची पोती वाढत होती आणि घोडी वाळत होती. दरोगा गणोजीरावांनी महाराजांना सांगून टाकलं, घोडी सांभाळणारा मोतद्दार भिवा त्यांच्या चंदीचे हरभरे चोरतो. दसरा झाला की भिवाला गडाखाली हाकलायचं ठरलं.

भिवाची बायको चांगुणा पागेतले हरभरे निवडायची. खरा चोर कोण, ते तिच्या सुपाला ठाऊक होतं. दाण्याचा व्यापारी बाबाशेट पोत्यांत हरभऱ्याएवढे खडे मिसळायचा आणि गणोजीराव डोळे मिटून त्यांवर शिक्का मारायचे. चांगुणा निवडून निवडून थकायची, पण कुठवर पुरी पडणार? पाखऱ्या हा म्हातारा घोडा तर तोबऱ्यात तोंड घालायलाच भ्यायचा.

सरकारची लूट दाखवील त्याला लुटीचा दहावा हिस्सा, अशी दवंडी महाराजांनीच पिटवली होती. म्हणून चांगुणा सुपात खडे घेऊन दरबारात गेली. न्यायाधीशांनी सुपाकडे पाहिलंसुद्धा नाही. घोडी सरकारची, दाणा सरकारचा, तुझं काय गेलं, असं त्यांनी विचारलं. सरकारच्या वतीने बोलायला सरकारने नेमलेला माणूसच हवा, असा निवाडा दिला. आणि पागेवर नेमलेला माणूस कोण? गणोजीराव.

महाराजही हट्टी. म्हणाले, "निवाडा तो निवाडा. दसऱ्यापर्यंत हीच तक्रार दरोग्याच्या तोंडून येऊ दे, मग ऐकतो."

"म्हणजे बोक्यानेच दुधाची फिर्याद करायची," बाबाशेट म्हणाला आणि दरबार हसला.

घरी भिवा गाठोडं बांधायला बसला.

"राहू द्या ते," चांगुणा म्हणाली. "दसरा अजून व्हायचाय."

दसऱ्याला घोड्यांची पूजा व्हायची. पाखऱ्याच्या तोबऱ्यातले भिजवलेले हरभरे हाच प्रसाद, आणि पहिली मूठ दरोग्याची. ती मूठ चांगुणा दरवर्षी दाणा न् दाणा निवडून द्यायची. यंदा तिने हरभरे नुसतेच भिजवले.

महाराजांसमोर गणोजीरावांनी मूठभर हरभरे तोंडात टाकले आणि कडकन दाढ मोडली. गाल धरून ते ओरडले, "कुठल्या चोराने सरकारच्या चंदीत खडे घातले!"

चांगुणा पदर सावरून पुढे आली. "महाराज, आली तक्रार. नेमलेल्या माणसाच्या तोंडून."

"हिनेच घातले असतील," बाबाशेट घाईने म्हणाला.

"शेट, माझं काम खडे काढायचं, घालायचं नाही. कोठीत बंद पोती आहेत. शिक्का दरोगासाहेबांचाच आहे. फोडून बघा."

पोती फोडली. एकूण एक पोत्यात खडे. भिवाने पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

महाराजांनी हसू दाबलं. "पण चांगुणा, तक्रार केली दरोग्याने. मग दहावा हिस्सा त्यालाच द्यायला हवा."

"द्या की महाराज. खडे मी निवडून देते. दहावा हिस्सा दरोगासाहेबांनी पाठीवर न्यावा, बाकीचे नऊ शेटनी."

महाराज इतके हसले की पाखऱ्याने कान टवकारले. पोत्यांवर मारायचा शिक्का त्यांनी चांगुणेच्या सुपात टाकला आणि दवंडीतला हिस्सा बाबाशेटकडून वसूल करून तिच्या पदरात घातला. दरोगा आणि शेट खड्यांची पोती वाहत गड उतरत होते, तेव्हा पाखऱ्या डोळे मिटून निवांत हरभरे चावत होता.