हरणीला फुटलेली पालवी

घाटाखालच्या एका गावात केरबा नावाचा टेम्पोवाला राहत होता. त्याच्या टेम्पोचं नाव हरणी. पिवळाधमक रंग, आरशाला लोकरीचे गोंडे आणि पाठीमागे ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'हरणी थांबत नाही'. केरबाला बायको होती, दोन मुलं होती, पण कौतुक विचाराल तर हरणीचं. पारावर कुणी भेटायचा अवकाश, की हा सुरू, "इतकी वर्षं झाली, पण एकदा रुसली नाही बघा!" ऐकणारे कंटाळायचे, सांगणारा काही कंटाळायचा नाही.

त्या घाटात ड्रायव्हर लोकांची एक जुनी रीत होती. ज्याची गाडी बंद पडेल त्याने झाडाची हिरवी फांदी तोडायची आणि गाडीच्या मागे खोचायची. फांदी दिसली की जो येईल त्याने थांबायचं. ओळख असो, नसो, आदल्या दिवशी भांडण झालेलं असो, थांबायचं म्हणजे थांबायचं. सगळे ती रीत पाळायचे. आणि आमचे केरबा? ते वेग कमी करायचे, खिडकीतून मुंडी बाहेर काढायचे आणि ओरडायचे, "काय रे, पालवी फुटली का गाडीला?" की भोंगा वाजवत पसार! गावोगावची माणसं जीपमध्ये भरून नेणारा महिपती एकदा भर उन्हात अडकला होता. त्यालाही केरबाने हेच ऐकवलं होतं.

केरबाचं पोट लग्नसराईवर चालायचं. इमामभाई बँडमास्तरांचा बँड लग्नाला पोहोचवायचं काम हरणीकडे होतं. तो हंगाम नीट गेला की केरबाच्या घरची वर्षभराची भाकरी सुटायची. म्हणून हंगामाच्या तोंडावर मेस्त्री त्याला म्हणाला होता, "केरबा, क्लच प्लेट घासलीये. बदलून घे."

"माझ्या हरणीला? तुला दुसरं गिऱ्हाईक मिळेना वाटतं!" केरबा म्हणाला आणि निघून गेला.

झालं. घाटमाथ्यावरच्या माळेवाडीत लग्न होतं. मुहूर्त संध्याकाळचा, पण त्याआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघणार होता, आणि त्याच्यापुढे इमामभाईंचा बँड वाजणार होता. लाल डगले घातलेली सगळी मंडळी ढोल-ताशे घेऊन हरणीत बसली. अर्धा घाट चढून झाला आणि जळका वास सुटला. इंजिन गुरगुरतंय, पण चाकं जागची हलेनात. क्लच प्लेटने राम म्हटला होता.

घाटात मोबाईलला रेंज नव्हती. केरबाने चाकांना दगड लावले.

"फांदी लाव की," इमामभाई म्हणाले.

"छे! हरणीला आणि फांदी? लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात खालून गाडीचा आवाज आला. महिपतीची जीप! केरबाने घाईघाईने सतरंजी अंथरली, जेवणाचा डबा उघडला आणि इमामभाईंच्या कानाशी लागला, "मास्तर, वाजवा! काहीतरी वाजवा!"

इमामभाई सज्जन माणूस. त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. ढोल घुमला, ताशा कडाडला. महिपतीने जीप हळू केली.

"काय केरबा, काही अडचण?"

"अडचण कसली! पोरांचा सराव चाललाय. मी आपला भाकरी खातोय निवांत."

फांदी दिसत नव्हती, वर बँड जोरात. महिपती हसला आणि गेला. थोड्या वेळाने दुधाची गाडी आली. पुन्हा बँड, पुन्हा भाकरी. मग खडीचा ट्रक आला. पुन्हा बँड, पुन्हा भाकरी. डबा कधीच संपला होता. केरबा रिकाम्या डब्यात बोटं फिरवून मिटक्या मारत होता. ताशेवाल्याला हसू आवरेना, त्याचा ठेका चुकायला लागला.

आता वरून एक मोटारसायकल धडधडत आली. तिच्यावर फेटा बांधलेला, घामाघूम झालेला नवरदेवाचा मामा. बँड कुठे राहिला, ते बघायला स्वतः निघाला होता बिचारा. केरबाने इमामभाईंकडे पाहिलं. इमामभाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण वाजवलं.

"अहो, इथे काय करताय?" मामा ओरडला. "तिकडे घोडा सजून उभा आहे!"

"निघालोच, मामा! म्हटलं, दारात एकदम तयार होऊन यावं. ऐका तरी, कसं वाजतंय!"

मामा हौशी निघाला. त्याने मोटारसायकल स्टँडला लावली आणि रस्त्याच्या मधोमध मनसोक्त नाचला. नाचून दमला, तेव्हा म्हणाला, "भले शाब्बास! मी पुढे होऊन सांगतो, बँड आलाच म्हणून." आणि गेला की निघून!

झाली ना पंचाईत! आता माळेवाडीहून कुणी शोधायलाही येणार नव्हतं. इमामभाईंनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

"केरबा, दम होता तोवर तुझं खोटं वाजवलं. आता बास. नवरदेवाची आई विधवा आहे. एकुलत्या एका पोराच्या लग्नात बँड हवा, म्हणून माझ्या घरी स्वतः आली होती. ती माउली दारात उभी असेल. तिच्यापुढे मी काय तुझा डबा वाजवू? बँड आज पोहोचला नाही, तर उद्यापासून मी दुसरा टेम्पो बघणार. मला वाईट वाटेल, पण बघणार."

केरबाला घर आठवलं. हंगाम गेला तर घरात काय शिजणार? आणि त्याहून जास्त त्याला ती आई दिसायला लागली, पदर सावरत रस्त्याकडे बघणारी. त्याला स्वतःची भारी लाज वाटली. आपण आपलं नाक सांभाळत बसलो आणि दुसऱ्याच्या घरचं कार्य अडवलं!

तो उठला. कडेला करंजाचं झाड होतं. त्याची चांगली डौलदार फांदी तोडली आणि हरणीच्या मागे खोचली. पानांच्या आड 'थांबत नाही' ही अक्षरं दिसेनाशी झाली. मग तो मान खाली घालून रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

नशीब बघा कसं असतं! सगळ्यात आधी आला तो महिपतीच. एक फेरी संपवून मघाशी तोच बँड ऐकत खाली गेला होता, आता पुन्हा माणसं भरून वर निघाला होता. फांदी दिसताच त्याने करकचून ब्रेक मारला, खिडकीतून मुंडी बाहेर काढली आणि घाट दणाणून सोडला, "केरबा! पालवी फुटली की रे हरणीला!"

केरबाचे कान लाल झाले. पण महिपती भोंगा वाजवून पसार झाला नाही. खाली उतरला, सीटखालचा दोर काढला आणि हरणीला बांधायला लागला.

"मघाशीच सांगायचं नाही का, शहाण्या? मी आपला तुझा बँड ऐकत खुशाल गेलो!"

"चुकलं, महिपती. तुला त्या दिवशी बोललो, तेही चुकलं."

"ते नंतर. आधी स्टिअरिंगवर बस."

जीपमधली माणसं उतरली, बँडवाले उतरले. जीप पुढून ओढतेय, माणसं मागून रेटतायत. वळणावर इमामभाईंनी नवा सूर धरला, आणि हा सूर काही झाकायला नव्हता. रेटणाऱ्यांना चेव आला. बाजाराला निघालेल्या दोन म्हाताऱ्या डोक्यावरच्या पाट्या जीपमध्ये ठेवून टाळ्या वाजवत चालत होत्या.

वरात अशी माळेवाडीत शिरली. पुढे जीप, मागे दोराला बांधलेली, फांदी लावलेली हरणी आणि भोवती नाचणारी माणसं. नवरदेवाची आई आरतीचं ताट घेऊन धावली. "अगं बाई, गाडी काय छान सजवलीये!"

केरबाच्या जिभेवर 'हो' आलं होतं. त्याने ते गिळलं.

"सजावट नाही, काकू. गाडी बंद पडलीये. मी लपवत बसलो, म्हणून उशीर झाला. माफ करा."

काकू खुदकन हसल्या. "बंद पडली तरी आलात ना? मग ओवाळून घ्या." आणि त्यांनी हरणीला कुंकू लावलं.

मामाने मात्र कपाळावर हात मारला. "अरे देवा! म्हणजे मी बंद पडलेल्या गाडीपुढे नाचून आलो?" सारा मांडव हसला. त्यात केरबाही पोट धरून हसला. ज्या गोष्टीची त्याला दुपारभर भीती वाटत होती, ती इतकी हलकी निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

हरणी दुरुस्तीला गेली. तोवर बँड महिपतीच्या जीपमधून जायचा आणि जीप चालवायला असायचा केरबा. हंगाम वाचला. इमामभाईंनी दुसरा टेम्पो बघितला नाही.

पुढे एकदा केरबा हरणी घेऊन घाट चढत होता. कडेला एक अनोळखी टेम्पो उभा. फांदी नाही, काही नाही. ड्रायव्हर झाडाखाली डबा उघडून बसलेला. दुसरा कुणी असता तर पुढे गेला असता. केरबा थांबला.

"काही अडचण?"

"छे छे! जेवतोय निवांत."

केरबाने वाकून डब्यात पाहिलं. डबा लख्ख रिकामा होता.

त्याने झाडाची एक फांदी तोडली, त्या टेम्पोच्या मागे खोचली आणि सीटखालचा दोर काढला. "भाऊ," तो म्हणाला, "डबा झाक आणि हे टोक धर."

तात्पर्य: अडचणीत सापडणं ही लाजेची गोष्ट नाही, ती लपवणं हीच खरी अडचण. मदत करणारी माणसं रस्त्याने जातच असतात, फक्त त्यांना 'थांबा' म्हणायचं धाडस आपण करायला हवं.