दोघांत एक खुर्ची

ऊसतोड मजुरांच्या लढ्याबद्दल मी सातवीला शिकवत होते. नवरा-बायको दोघंही ऊस तोडतात, पण मिळून त्यांना ‘एक कोयता’ धरतात आणि मजुरी नवऱ्याच्या हातात पडते. बायका म्हणत होत्या, आम्हाला वेगळं मोजा.

तेवढ्यात दारावर काठी आपटली. माझ्या हातातला खडूच पडला. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब दारात उभे, मागे त्यांच्या पत्नी सुमतीकाकू.

“काय बाई, पोरांना भांडणं शिकवता? नवरा-बायको एकच असतात! त्याला दिलं म्हणजे तिला पोचलं. आजपासून हे शिकवणं बंद!”

मी घाईघाईने पुढे झाले. “हो... म्हणजे... बसा ना, साहेब. कौतिक, पळ, खुर्च्या आण गं.”

कौतिकचे आईवडील ऊसतोडीला जायचे. ती एकच खुर्ची घेऊन आली आणि सुमतीकाकूंपुढे ठेवली.

“आणि माझी?” बापूसाहेब गुरगुरले.

“काकूंना दिली की, साहेब. म्हणजे तुम्हाला पोचली.”

वर्ग खिदळला. मी पोरांना हातानेच दटावलं. काकू मात्र पदर सावरून ऐसपैस टेकल्या.

“शिकवा हो बाई,” त्या म्हणाल्या. “आम्ही दोघंही अगदी नीट बसलोय.”