अर्धा पूर्वपक्ष

गोदाकाठच्या देवटाकळी गावात श्रीनिवांतनाथ महाराज चातुर्मासासाठी उतरले होते, तेव्हाची ही कथा. गावात धुंडिराजशास्त्र्यांची वेदान्ताची पाठशाळा होती. शास्त्रीबुवा विद्वान खरे, पण समोरच्याचं ऐकून घ्यावं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या पाठशाळेत अंबादास शिकत असे. महाराजांची सेवा करून तो पाठाला बसायचा. बिचाऱ्याची जीभ अडखळायची. डोक्यात विचार स्वच्छ, पण ओठांशी येईतो शब्दांची नुसती गर्दी. शास्त्रीबुवा त्याची नक्कल करत आणि सगळी पाठशाळा खो खो हसे. अहो, सर्वांभूती एकच ब्रह्म आहे असं शिकवणाऱ्या घरात हे चालायचं! सांगताना आजही संताप येतो.

त्या वर्षी वादसभेचा विषय होता, मुक्ती ज्ञानाने की भक्तीने. ज्ञानाची बाजू खुद्द शास्त्रीबुवांची, आणि त्यांच्यासमोर अंबादास भक्तीची बाजू घेऊन उभा राहिला.

"हरलास तर वळकटी बांधायची," शास्त्रीबुवांनी त्याला आधीच बजावलं होतं. "तोतऱ्याच्या तोंडी शास्त्र शोभत नाही."

अंबादासाला दुसरं घर नव्हतं, आणि शास्त्रावाचून जगणं त्याला ठाऊक नव्हतं.

सभेचा एक जुना दंडक होता. खंडन करण्यापूर्वी समोरच्याचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, आपल्या तोंडाने पुरता सांगायचा. "हो, हेच माझं म्हणणं," असं त्याने कबूल केल्यावरच पुढे बोलायचं.

"ज्ञा... ज्ञानाने मु..." अंबादासाने आपली बाजू मांडायला सुरुवात केली.

"कळलं, कळलं!" शास्त्रीबुवा हसले. "टाळ कुटत बसावं, म्हणजे मोक्ष घरपोच. हेच ना? आता खंडन ऐका."

अंबादासाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे त्याचं म्हणणं नव्हतंच! तो मानाच्या आसनावरच्या महाराजांकडे वळला, तर महाराज डोळे मिटून बसलेले. मग त्याला त्यांचाही राग आला. रोज ज्यांचे पाय धुतले, ते आज डोळे मिटून बसतात?

"म... महाराज," तो ओरडला, "तुम्ही त... तरी ऐका!"

महाराजांनी डोळे उघडले. ते रागाने लाल झाले होते.

"मी ऐकतोच आहे, बाळा," महाराज म्हणाले. मग शास्त्रीबुवांकडे वळून कडाडले, "शास्त्रीबुवा, दंडक मोडलात! याचं म्हणणं पुरतं सांगितल्याखेरीज तुमच्या तोंडून तुमचं एक अक्षर निघायचं नाही!"

शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं, पण खंडन बाहेर येईना. मानेच्या शिरा ताणल्या, घाम फुटला. आणि काय नवल! त्यांच्याच तोंडून भलतेच शब्द पडू लागले.

"मुक्ती ज्ञानानेच, हे मला मान्य. टाळ कुटून ती मिळते, असं मी म्हणत नाही. पण ज्ञान कुणाचं, एवढंच मी विचारतो. तान्हं मूल आईला ओळखत नाही. तरी ते रडलं की..."

इथे वाचा बसली. शब्दन् शब्द अंबादासाच्या मनातला होता! शास्त्रीबुवा हात हलवून विनवू लागले, हेच ना, म्हण ना रे हो.

'हो' म्हटलं की त्यांची सुटका होती. पण अंबादासाचा राग निवला नव्हता.

"ना... नाही," तो म्हणाला. "अ... अर्धंच."

"मग उरलेलं तू सांग," महाराज म्हणाले. "सावकाश सांग. सभा कुठे जात नाही."

"र... रडलं की आई धा... धावते. कारण ती त्याला ओ... ओळखते. मी दे... देवाला जाणतो, त्या ज्ञानाने मुक्ती नाही. दे... देव मला जाणतो, त्या ज्ञानाने आहे." अंबादासाने श्वास घेतला. "हो. हे... हेच माझं म्हणणं."

त्याबरोबर शास्त्रीबुवांची जीभ सुटली.

"करा आता खंडन," महाराज म्हणाले.

"नाही करवत, महाराज!" शास्त्रीबुवा हुंदका देत त्यांच्या पायांकडे वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि अंबादासाकडे बोट दाखवलं.

शास्त्रीबुवांनी अंबादासाच्या पायांवर डोकं ठेवलं. "इतकी वर्षं शिकवलं रे तुला, पण तुझं एक वाक्य पुरं ऐकलं नाही."

अंबादासाने त्यांना लगेच उठवलं नाही, आणि महाराजांनीही 'उठव' म्हटलं नाही.

अंबादासाची जीभ पुढे जन्मभर अडखळतच राहिली. पण त्याचं वाक्य पुरं होईस्तोवर धुंडिराजशास्त्री हात जोडून थांबत, आणि त्यांच्यामागे सगळी पाठशाळा थांबे.