सगुणा नदीपार गेली तेव्हा

ज्या काळाचं साल आता कुणालाच सांगता येत नाही, त्या काळी एका मोठ्या नदीच्या दोन्ही काठांवर मिळून एकच राज्य होतं. दक्षिण काठच्या शेतांत गुलाम राबत. उत्तर काठावर ती रीत नव्हती, पण गुलामांनी पिकवलेला कापूस तिथले लोक खुशाल विकत घेत. वाद झाला की राजा म्हणे, "ज्यानं त्यानं आपल्या काठापुरतं पाहावं."

दक्षिण काठावर केतकी नावाची जमीनदारीण होती. तिची धाकटी बहीण मालती उत्तरेला दिलेली. दोघींना सगुणा नावाच्या दासीनं लहानाचं मोठं केलं होतं. केतकीचा तिच्यावर फार जीव.

एकदा केतकीच्या नवऱ्यानं सगुणेची लेक विकायला काढली. केतकीला वाईट वाटलं, पण ती गप्प राहिली. सगुणा लेकीला घेऊन नदीपार मालतीकडे निघून गेली.

दक्षिणेचे लोक खवळले. "आमचे गुलाम परत करा." उत्तरेनं साफ नकार दिला. राजानं नेहमीचंच उत्तर दिलं. मग होड्या थांबल्या, बाजार तुटले, दोन्हीकडे तलवारींना धार लागू लागली.

केतकी एका कोळ्याला विनवून पलीकडे गेली. सगुणेनं तिला पाहताच पाट मांडला.

"जेवलीस का, बाळ?"

"सगुणामाय, घरी चल. मी तुला कधी वावगं बोलले का?"

"नाही गं. तू कधीच काही बोलली नाहीस. माझी लेक विकायला काढली, त्या दिवशीसुद्धा नाही."

केतकी तशीच पाटावरून उठली. घरी परतून तिनं नवऱ्याशी भांडून वाड्यातले सगळे गुलाम मोकळे केले. गावोगाव फिरून ती लोकांना समजावू लागली. काहींनी ऐकलंही. पण तोवर सैन्यं निघाली होती.

लढाईत मालतीचा मुलगा गेला, केतकीचा नवरा गेला. शेवटी गुलाम सुटले, पण दोन्ही काठांमधलं वैर मिटेना आणि राज्याची दोन राज्यं झाली.

पुढं केतकी मालतीकडे गेली, तेव्हा दोघींना एकमेकींकडे पाहवेना. म्हाताऱ्या सगुणेनं दोघींना जवळ ओढलं आणि लहानपणी थोपटायची तसं थोपटत राहिली. तिच्या कुशीत दोघी बहिणी पोटभर रडल्या.

बाळांनो, अन्यायापुढं सगळे गप्प बसले, की देश आतून दुभंगतो.